कारणाचा रकाना

मी आयुष्यभर सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. पुण्याच्या सायन्स कॉलेजात जे शिकलो त्यातले पुष्कळसे पुढे विसरलो, पण एक सवय राहिली. जे पाहायचे ते मोजायचे, मोजलेले त्याच दिवशी लिहायचे, आणि आकड्यापुढे 'कारण' या मथळ्याचा एक रकाना मोकळा ठेवायचा. मोऱ्या, धक्के, बंदरावरचा भरती मोजण्याचा खांब, साऱ्यांच्या वह्या मी अशाच ठेवल्या. नोकरी संपवून रत्नागिरीत झाडगावच्या घरी येऊन राहिलो, तेव्हा मोजण्याजोगे काही उरले नव्हते. सत्तावीस सालच्या वैशाखात माझी नात आली आणि मी पुन्हा एक वही आखली.

माझा मुलगा रघू आफ्रिकेत मोंबाशाला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. त्याची बायको मालन आणि पाच वर्षांची मुलगी चिमा, दोघी सोबतीच्या एका कुटुंबाबरोबर मुंबईपर्यंत आल्या आणि तिथून आगबोटीने रत्नागिरीस उतरल्या. बंदर पावसाळ्यासाठी बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या काही बोटींपैकी ती एक होती. म्हणजे भाद्रपदात पुन्हा बोटी सुरू होईपर्यंत त्यांचे जाणे शक्य नव्हते. रघूने मालनजवळ माझ्यासाठी पत्र दिले होते. त्याने लिहिले होते: "इकडे आपल्या भाषेची शाळा नाही. मुलगी हमालांच्या पोरांबरोबर धक्क्यावर खेळते आणि त्यांचेच बोलते. तिकडे बालवर्गात घालून पाहावे. रुळली तर आपल्याजवळ ठेवून घ्यावी, मालनने एकटीने परत यावे. न रुळली तर दोघींना धाडावे. आपणांस जे योग्य दिसेल ते मला न विचारता ठरवावे, कारण पत्राला उत्तर येईतो बोट निघून जाईल."

पत्र वाचून मला जो आनंद झाला तो मी कोणाला दाखवला नाही. पत्नी जाऊन सहा वर्षे झाली होती. घरात मी आणि माझी थोरली बहीण गंगूआक्का, एवढीच माणसे. आक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती आणि तेव्हापासून घर तिच्याच धाकात होते. मी माजघरातल्या कपाटाची मधली फळी रिकामी करून पुसून घेतली आणि आक्काला सांगितले, "ही चिमाच्या कपड्यांना."

"मुलगी राहायची हे ठरलं वाटतं?" आक्काने विचारले.

"ठरायचंय. पाहू, मोजू, मग ठरवू."

"मोज बाबा," आक्का म्हणाली. "तुला मोजल्याशिवाय भूकसुद्धा लागत नाही."

आमच्या आळीत काशीबाई नावाच्या बाईंनी आपल्या ओटीवर बालवर्ग चालवला होता. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलेल्या, शांत स्वभावाच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या बाई. सकाळी साडेसात ते साडेदहा चौदा मुले. गाणी, मणी ओवणे, चिंचोक्यांचे आकडे, आणि वाळू पसरलेल्या लाकडी धूळपाटीवर बोटाने अक्षरे. मूल चुकले की बाई त्याचे बोट आपल्या हातात धरून अक्षर गिरवून घेत. मी स्वतः लहानपणी याच रीतीने शिकलो होतो. ज्येष्ठाच्या पहिल्या सोमवारी चिमाला तिथे बसवली.

ती बोलेना. मांजर दिसले की 'पाका' म्हणे, आणि मुले हसली की तोंड मिटून घेई. मोंबाशाकडे मांजराला तेच म्हणतात हे मुलांना कोण सांगणार? फणस, बकुळ, पाट, रहाट, बाई जी जी वस्तू दाखवत तिच्याकडे ती पाहुण्यासारखी पाही. धूळपाटी पुढे ठेवली की ती वाळूवर तळहात फिरवून ती सपाट करी आणि तशीच बसून राही.

"मंद आहे का?" मी काशीबाईंना सरळ विचारले.

"नाही हो, आप्पा. मंद मुलाचे डोळे असे नसतात. ही थांबलीय. कशासाठी ते मला कळत नाही."

मी घरी दोन व्यवस्था केल्या. पहिली म्हणजे रोज संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी चिमाला ओटीवर माझ्यापुढे बसवायचे. मी तोपर्यंत शिकवून झालेल्या अक्षरांपैकी दहा चिठ्ठ्या पिशवीतून काढायच्या, अक्षर मोठ्याने म्हणायचे, तिने ते धूळपाटीवर काढायचे, आणि मदतीशिवाय बरोबर आलेली अक्षरे मोजायची. दुसरी व्यवस्था म्हणजे एक नियम. शिकवणे बालवर्गात काशीबाईंनी करावे. घरात कोणीही अक्षरे शिकवू नयेत. दोन पद्धती एकत्र मिसळल्या तर कोणत्या पद्धतीने काय साधले हे सांगता येत नाही. हा नियम मी आक्काकरवी मालनला कळवला. सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे, तसा रिवाज होता. आणि मीही तिच्याशी कामापुरते, तेही तिसऱ्या कोणाला उद्देशून बोलत असे.

मालनने मान हलवली, एवढे आक्काने सांगितले. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. पहाटेपासून चुलीपुढे असे. तिच्या हातच्या आमट्या चांगल्या होत. याहून अधिक तिच्याविषयी मला माहीत नव्हते.

पहिले तीन आठवडे वहीत शून्य, एक, शून्य, दोन, एक असे आकडे आले. मी चौकड्यांच्या कागदावर त्यांची रेषा काढली. ती भरतीच्या खांबाच्या तळाशी चिकटलेल्या शेवाळासारखी जमिनीलगत राहिली.

याच आठवड्यांत मी फणसाच्या फळ्यांची अक्षरे केली. प्रत्येक अक्षर वीतभर उंच, मधोमध बोट बसेल एवढी खोबण, खोबणीला घोटून गुळगुळीत केलेली कड. बोट खोबणीत घातले की ते चुकीच्या वाटेला जाऊच शकत नाही. सोळा दिवस मी त्यांवर काम केले. ज्येष्ठ अमावास्येच्या आदल्या दिवशी ती चिमाला दिली. अमावास्येच्या संध्याकाळी आकडा आला पाच. दुसऱ्या दिवशी सहा. मग सात. मग पुन्हा सात.

'कारण' या रकान्यात मी लिहिले, 'लाकडी अक्षरे'. काशीबाईंना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "छान झालं. पण वर्गात ती त्या खोबणीत बोट घालत नाही. मी धरलं तरी काढून घेते."

"घरी घालत असेल," मी म्हणालो. घरी घालते का, हे मी पाहिले नव्हते. आकडा समोर असताना आणखी काही पाहण्याची मला गरज वाटली नाही.

पाचव्या दिवशी आकडा तीनवर उतरला. त्यानंतर तीन, चार, दोन. लाकडी अक्षरे तीच, खोबणी त्याच, मूल तेच. मी रकान्यातले दोन शब्द खोडले आणि वाट पाहिली. आषाढात पाऊस असा लागला की खिडकीतून भाट्याच्या खाडीकडची बाजू दिसेना. त्या अंधाऱ्या दिवसांत रेषा खालीच चालली होती. अमावास्येला तीन दिवस राहिले असताना ती एकाएकी पुन्हा चढली. सहा, आठ, सात, आठ. आणि पाचव्या दिवशी पुन्हा चारवर आली.

या वेळी मी काहीच नवीन दिले नव्हते. दोन्ही चढ अमावास्येच्या आसपास. ज्याने बारा वर्षे बंदरावर उधाणाची उंची मोजली आहे त्याच्या मनात दुसरे काय येणार? समुद्र ज्याला ओढ देतो त्याची ओढ लहान मुलाच्या बुद्धीलाही लागत असेल, असे मला वाटले. उधाण पौर्णिमेलाही येते आणि पौर्णिमेला आकडा चढला नव्हता, ही अडचण माझ्या ध्यानात आली होती. पण त्या पौर्णिमेला मुलीला पडसे होते, अशी मी स्वतःची समजूत घातली. रकान्यात 'उधाण (?)' असे लिहिले. प्रश्नचिन्ह घातले, एवढाच माझ्या शहाणपणाचा अंश.

या सिद्धान्तावरून मी पुढचे भाकीत केले. श्रावणी अमावास्येला आकडा नऊपर्यंत जाईल. भाद्रपदात बोट सुरू होण्याच्या वेळी मुलगी चांगली रुळलेली असेल. रघूला तसे लिहिता येईल. पत्राचा मसुदाही केला. "मुलीची प्रगती समाधानकारक असून तिला येथेच ठेवणे इष्ट" असे त्यातले एक वाक्य होते. ते वाक्य मी दोनदा वाचले आणि मला बरे वाटले.

एकच गोष्ट मला खटकत असे. माजघरातली ती फळी अजून रिकामी होती. चिमाचे झगे, परकर, सगळे मालनच्या ट्रंकेत होते; रोज त्यातून काढायचे आणि धुऊन वाळवून पुन्हा त्यातच ठेवायचे. मी आक्काला म्हटले, "फळी दाखवलीस ना तिला?" आक्का म्हणाली, "दोनदा." मी ते आळसावर घातले.

श्रावण वद्य नवमीला आकडा आला सात. दशमीला आठ. अमावास्येला अजून पाच दिवस होते आणि समुद्र मलूल पडला होता. मी कागद घेऊन ओटीवर बसलो. उधाण नाही. लाकूड नाही. मग काय? आक्का हात पुसत बाहेर आली. "चहा थंड झाला. काय त्या चौकड्यांत तोंड घालून बसलायस?"

मला कोणाला तरी सांगायचेच होते. मी तिला कागद दाखवला. "हे बघ, आक्का. ही जमीन. ही मुलीची प्रगती. इथे चढ, इथे चढ, आणि हा आत्ताचा. प्रत्येक चढ चार दिवसांचा. मधे काही नाही. चार दिवस मुलगी हुशार, तेवीस दिवस मठ्ठ. याला नियम आहे, पण तो मला सापडत नाही."

आक्काला वाचता येत नसे. तिने बोट ठेवले. "हा पहिला डोंगर कधीचा?"

"ज्येष्ठाची अमावास्या आणि पुढचे तीन दिवस."

"आणि हा?"

"आषाढी अमावास्येच्या आधी तीन दिवस तिथपासून."

आक्का थोडा वेळ बोटांची पेरे मोजत राहिली. मग पदर तोंडाला लावून ती जी हसू लागली ती थांबेना. डोळ्यांना पाणी आले तिच्या.

"काय झालं?"

"अरे भिका, भिका! मेल्या, कॉलेजात गेलास, धक्के बांधलेस. त्या दिवसांत तुला जेवायला कोण वाढत होतं रे?"

मी आठवले. "तू."

"आणि रांधत कोण होतं?"

"तूच असशील. आमटीत मीठ जास्त होतं."

"जास्त होतं म्हणे! आणि आज कोणी रांधलं? काल कोणी? या घरात दोन बायका आहेत. महिन्यातले चार दिवस एकटी मीच चुलीशी का असते, ते या वयात तुला मी सांगायचं का?"

मी कागद घडी करून बाजूला ठेवला. माझे कान तापले होते. घरातील पुरुषाने जे पाहायचे नसते ते मी चाळीस वर्षे पाहिले नव्हते. आणि जे पाहायचेच नाही त्याची नोंद वहीत कुठून येणार? मालन बाजूला बसली की मागच्या पडवीत असते, एवढे मला अर्थातच ठाऊक होते. पण ते ठाऊक असणे आणि हा कागद, या दोन गोष्टी मी एका जागी कधी आणल्या नव्हत्या.

"पण त्याचा मुलीच्या अक्षरांशी काय संबंध?" मी विचारले.

"ते मला नाही माहीत. मी चुलीशी असते. जा आणि बघ की. बघायचं आणि मोजायचं, हेच ना तुझं?"

दुसऱ्या दिवशी एकादशी. बालवर्ग सुटून चिमा घरी आल्यावर मी छत्री घेऊन घराला वळसा घातला आणि न्हाणीच्या कुडाआड उभा राहिलो. श्रावणातली बारीक सर होती. तेथून मागची पडवी दिसे. मालन घोंगडीवर भिंतीला टेकून बसली होती. तिच्यापासून चार हातांवर जमिनीवर कोळशाची रेघ ओढलेली होती, आणि रेघेच्या अलीकडे चिमा उकिडवी बसून धूळपाटी सपाट करीत होती.

"आधी डोलकाठी उभी कर," मालन म्हणाली.

"केली."

"मला इथून दिसत नाही. तोंडाने सांग. शीड कुठल्या बाजूला फुगवलंस?"

"जेवायच्या हाताकडे नाही. दुसऱ्या हाताकडे."

"वर आडवं लाकूड? ते नसलं तर शीड खाली येईल."

"घातलं. आई, हा व झाला!"

"आता त्या शिडावर दोर टाक. तिरका."

"ब! ब बंदराचा!"

"दोर पूस. आता काठीच्या दुसऱ्या बाजूलाही जरा वारं घाल. फार नको, गलबत उलटेल."

चिमा जीभ दातांत धरून वाळूवर वाकली. "क," ती म्हणाली आणि एकदम उठून रेघ ओलांडू लागली. "आई, येऊन बघ ना, क!"

"शिवू नकोस गो! तिथूनच. मी येत नाही, तू सांग. शेपूट कुठे वळवलंस?"

मी कुडाआड उभा राहून सर्व पाहिले. पाऊण तासात मुलीने अठरा अक्षरे काढली. तेवढ्या वेळात तिच्या बोटाला कोणाचा हात लागला नाही, आणि लागणे शक्यही नव्हते. चुकले तर आईला दिसत नव्हते. म्हणून काय काढले ते मुलीला स्वतः पाहून, शब्दांत मांडून सांगावे लागत होते. बालवर्गात बाईंचा हात होता, ओटीवर माझी खोबण होती. इथे फक्त आवाज होता. आणि उरलेले तेवीस दिवस हा आवाज चुलीपुढे असे, वर माझा नियम पाळून गप्प असे. जिच्यासाठी मुलगी थांबली होती तिलाच मी शिकवण्यास मनाई केली होती.

छत्री कुडाला लागून वाजली. मालनने वर पाहिले आणि पदर ओढून उभी राहिली. मी पुढे होऊन पडवीच्या पायरीशी थांबलो. तोंडे तिरकी ठेवून आम्ही बोलू लागलो, म्हणजे दोघेही चिमाशी बोलू लागलो.

"चिमे, आजोबांना म्हणावं, चुकलं. नियम मोडला. पुन्हा नाही होणार."

"आजोबा, आई म्हणते चुकलं."

"चिमे, आईला म्हणावं, चुकलं खरं, पण कोणाचं ते अजून ठरायचंय. तिला विचार, शिडाची ही रीत तिला कोणी शिकवली?"

"आई, तुला कोणी—"

"ऐकलं मी. आजोबांना सांग, कोणी नाही. तिकडे आम्ही संध्याकाळी गलबतं बघायला जायचो. हिला तेवढंच येतं, म्हणून तिथून धरलं. बाकीचे दिवस चूल असते. हे चार दिवस नुसतं बसून काय करायचं? हात रिकामे राहवत नाहीत."

"आजोबा, आई म्हणते—तुम्हाला दोघांना कमी ऐकू येतं का?" चिमाने विचारले. "मी दमले."

मालनच्या पदराआडून हसू आल्यासारखे झाले, आणि लगेच थांबले. मी म्हणालो, "चिमे, एक शेवटचं विचार. तुझ्या बाबांनी मला लिहिलंय, मुलगी रुळली तर इथे ठेवा. आईचं मत काय?"

चिमाने हे प्रथमच ऐकले होते. ती आईकडे पाहू लागली. मालन माझ्याकडे न पाहता, पण मलाच म्हणाली, "मामंजी, तिकडून जे लिहून आलंय आणि तुम्ही जे ठरवाल तेच होईल. मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही. फक्त त्या फळीवर मी तिचा एकही कपडा ठेवला नाही. हात धजला नाही."

मी छत्री मिटली होती, हे पाठ भिजल्यावर माझ्या लक्षात आले.

त्या संध्याकाळी ओटीवर आकडा आला नऊ. मी वही उघडली. 'उधाण' खोडले. तिथे 'मालन' असे लिहिले आणि तिन्ही चढांपुढे तेच लिहिले. मग मसुद्यातले ते एक वाक्य काढून टाकले. त्याला वेळ लागला, हे कबूल केले पाहिजे. मुलगी निश्चित रुळली होती. आकडा नऊ होता. पत्राच्या शब्दांप्रमाणे तिला ठेवून घेण्याचा मला अधिकार होता. वर्षभरात ती मांजराला मांजर म्हणू लागली असती. संध्याकाळी ओटीवर माझ्यापुढे कोणी तरी बसले असते. पण खांबाने एक उंची दाखवावी आणि आपल्याला सोयीची म्हणून दुसरी लिहावी, असे मी नोकरीत एकदाही केले नव्हते. ज्या आधारावर रेषा चढली तो आधार आगबोटीत बसवून पाठवायचा आणि रेषा इथे ठेवून घ्यायची, हे गणित कोणत्याही कॉलेजात बरोबर ठरले नसते.

दुसऱ्या दिवशी काशीबाईंकडे गेलो आणि सर्व सांगितले. कोणते चार दिवस ते सांगताना अडखळलो. त्यांनी ते न सांगता ओळखले आणि माझी सुटका केली.

"म्हणजे मी बोट धरत होते तेच चुकत होतं," त्या म्हणाल्या.

"मी तर लाकडात पकडलं होतं."

"आप्पा, बोट निघायला किती दिवस आहेत?"

"सतरा."

"मग मुलीला नाही, तिच्या आईला माझ्याकडे पाठवा. रोज दुपारी दोन तास. गाणी, मण्यांचे खेळ, चिंचोक्यांची बेरीज, वर्षभराचं सगळं मी तिला क्रमाने देते. मोंबाशाला शाळा नाही ना? बालवर्गाला लागतं काय? एक ओटी आणि एक बाई."

चुलीचा प्रश्न होता. मी तो आक्कापुढे कसा मांडावा याचा विचार करीत घरी आलो. मांडावा लागला नाही. "महिन्यातून चार दिवस रांधते, तशी पंधरा दिवस रांधीन. मरत नाही मी," ती म्हणाली. "पण मिठाबद्दल एक शब्द बोलायचा नाही."

मी बोललो नाही. मालन रोज दुपारी पाटी घेऊन काशीबाईंच्या ओटीवर जाऊ लागली. तिच्या वहीत तिने आठवडावार टिपणे केली. अक्षर लहान पण सरळ होते. एकदा त्या वहीच्या पहिल्या पानावर मला चौदा नावे दिसली. कारखान्यातील आपल्या लोकांची मोंबाशातली मुले, वय चार ते सात. हे तिने कोणाला विचारून केले नव्हते, आणि मीही विचारले नाही.

गणपती झाले, गौरी गेल्या, आणि बोट सुरू झाली. मांडवी बंदरावर, आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात दोघी बसण्यापूर्वी मी धूळपाटी मालनच्या पायाशी ठेवली. तिला मी सरकते झाकण केले होते, आणि आत भाट्याची वाळू चाळून भरली होती. चिमाने झाकण सरकवून पाहिले.

"आजोबा, ही वाळू कशाला? आमच्याकडे ढीगभर आहे."

"बरोबर आहे," मी म्हणालो. धूळपाटी उलटी करून ती वाळू तिथेच धक्क्यावर सोडली. पाटी हलकी झाली. लाकडी अक्षरे मी आधीच काशीबाईंना देऊन टाकली होती. वर्गातली मुले हल्ली त्या फळ्यांचे पूल बांधतात.

मालनने वाकून नमस्कार केला तेव्हा मी तिला, चिमाला नव्हे, म्हणालो, "रोज दहा अक्षरं. आकडा लिहून ठेव, महिन्याने पाठव."

"हो, मामंजी," ती म्हणाली. पडाव सुटला तेव्हा चिमा त्यातून ओरडत होती. डोलकाठीकडे बोट करून ती काय सांगते आहे ते वाऱ्यामुळे ऐकू आले नाही, पण मला कळले.

कागदावर मी प्रवासाचे दिवस ठिपक्यांनी मोकळे ठेवले. कार्तिकात पत्र आले. वर "तीर्थरूप मामंजी यांचे चरणी" असे मालनच्या हातचे होते. सुनेने सासऱ्याला स्वतः लिहिलेले आमच्या घराण्यातले ते पहिले पत्र असावे. दहा मुले येतात, रेल्वेने दुपारपुरती एक रिकामी शेड दिली आहे, आणि खाली चिमाचे तीस दिवसांचे आकडे. मी आक्काला समोर बसवून ते मांडले. आठ, नऊ, आठ, नऊ, नऊ. डोंगर नव्हते. रेषा कागदाच्या वरच्या कडेजवळून सरळ चालली होती. फक्त एका दिवशी एकदम दोनवर आली होती.

"इथे काय झालं?" आक्काने बोट ठेवले.

मी पत्राची मागची बाजू वाचली. "त्या दिवशी दूरदेशची नवी गलबते लागली. मुले खिडकीतून पाहू लागली. पाट्या ठेवून सर्वांना धक्क्यावर नेले. आकडा मुद्दाम जसा आला तसा लिहिला आहे."

"बरं केलं," आक्का म्हणाली.

मी दौत पुढे ओढली आणि 'कारण' या रकान्यात त्या दिवसापुढे 'गलबते' असे लिहिले. शब्दापुढे प्रश्नचिन्ह घातले नाही. नंतर कपाटाच्या रिकाम्या फळीवर वही ठेवली, म्हणजे दर महिन्याला हाताशी सापडेल.